अकराव्या मैलावरची पुलिया

आमच्या गाडीच्या वहीत सहा रकाने होते: तारीख, निघतानाचा मीटर, पोहोचतानाचा मीटर, पेट्रोल, थांबे आणि शेवटी कारण. रकाने मी आखलेले, आणि "पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही" हा नियम बाबांचा. पुढे मी वजनमापे खात्यात लागले आणि आज एकतीस वर्षं लोकांच्या तराजूंचे काटे तपासते आहे, पण इतका नेमका नियम मला खात्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात सुरू केलेली ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात एका नोंदीपुढे कारणाचा रकाना कोरा आहे. त्या एका कोऱ्या रकान्याबद्दल मला लिहायचं आहे.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहत होतो. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि घरापेक्षा मोठी वाटणारी टिनाची शेड. शेडीत गाडी. बाबा एका कारखान्यात फिटर होते. मौद्याकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, धानगिरणीचं बंद पडलेलं इंजिन त्यांनी अख्खा उन्हाळा खपून चालू करून दिलं, तेव्हा मालगुजाराचा मुलगा म्हणाला, गोठ्यात वडिलांची गाडी पडली आहे, कोंबड्या बसतात तिच्यात, न्यायची तर न्या. इंग्रजी बनावटीची, चार दारांची, कापडी टपाची गाडी ट्रकवर चढवून आमच्याकडे आली. गल्लीनं तिचं नाव 'मालगुजारीण' ठेवलं. बाबांनी दीड वर्ष रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर तिच्यावर काम केलं. त्यांच्या कानशीचा आवाज आणि शेजारच्या हातमागांची खटखट एकमेकांत मिसळून जायची. अजूनही कुठे कानशीनं लोखंड घासताना ऐकलं की मला आईच्या चुलीवरची ज्वारीची भाकर आठवते. आई म्हणायची, "अजी, आधी हात धुवा. जवसाच्या चटणीले पेट्रोलचा वास येऊन राहिला." बाबा हात धुवायचे, वास तरी यायचाच.

माझे आजोबा या गाडीची धूळ दुरून दिसली की जोडे हातात घेऊन रस्त्याच्या खाली उतरायचे. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, दाराची पितळी मूठ चकाकवताना, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबा ऐन विशीत होते. त्या दिवसापासून घरात देव नव्हता, अंगारा नव्हता, आणि भूत हा शब्द तर हसण्यावारी सुद्धा चालत नसे. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते अशा घरात झालं.

गाडी चालायला लागली तेव्हा तिच्या खोडी कोणाला माहीत असतील म्हणून बाबांनी मालगुजाराच्या जुन्या ड्रायव्हरला शोधून काढलं. डोमाजी. साठीच्या आसपासचा, वाळक्या काडीसारखा माणूस, मौद्याला सायकली दुरुस्त करायचा. गाडी पाहिल्यावर तो बराच वेळ तिच्याभोवती फिरला, हात मात्र लावला नाही. मग बाबांना एकेक सांगू लागला. पेट्रोल मोजायला काटा नाही, लाकडी काठी आहे; काठीवर खाच आहे; निघताना खाचेपर्यंत भरायचं, कमी नाही, जास्त नाही. मालगुजाराची शिस्त तशी होती. आणि पेट्रोल सरळ ओतायचं नाही. टाकीच्या तोंडावर मऊ चामड्याचा तुकडा धरायचा, त्यातून गाळून ओतायचं. पाणी, कचरा चामड्यावर राहतो.

"माह्याजवळ होता एक," तो म्हणाला. "बायकोनं हिरव्या दोऱ्यानं काठ शिवून देल्ला होता. हरपला."

"कधी?" बाबांनी सहज विचारलं.

"बाईसाहेब गेल्या त्याच दिवशी. धावपळीत कुठं पडला, समजलंच नाही."

बाईसाहेब म्हणजे मालगुजाराची बायको. त्या दिवशी त्यानं एवढंच सांगितलं. आणि एक गोष्ट माझ्यासाठी. मी मागे उजवीकडे बसले होते, वही आणि डबा डावीकडच्या जागेवर ठेवला होता. डोमाजीनं खिडकीतून हात न घालता बाहेरूनच म्हटलं, "पोरी, तिथं काही ठेवू नको वं." मी काहून म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नको ठेवू." मी डबा मांडीवर घेतला. तेव्हापासून ती जागा रिकामीच राहिली.

त्या दिवाळीनंतर शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. बाबांच्या मनात होतं की गाडी मैदानात डोमाजीनं चालवत आणावी. डोमाजी म्हणत होता की बाईसाहेब गेल्या त्या दिवसापासून त्यानं कोणत्याच गाडीचं चक्र हातात धरलेलं नाही आणि धरणारही नाही. तरी दर रविवारी आम्ही गाडी पळवायला म्हणून मौद्याला जायचो, त्याला घ्यायचो, दिवसभर तो बाबांना शिकवायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायचा. आमच्या शेडीपासून मालगुजाराच्या फाटकापर्यंत बरोबर बावीस मैल. मीटर मैलांचा होता, रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे; भागाकार-गुणाकार माझ्याकडे.

पहिल्याच फेरीत जाताना एका पुलियाजवळ, नाल्यावरच्या लहानशा पुलाजवळ, इंजिन दोनदा खाकरलं आणि बंद पडलं. दुपारी बाराची वेळ. दोन्हीकडे कापलेली धानाची शेतं, झाड नाही, माणूस नाही. बाबांनी बॉनेट उघडलं, सगळं पाहिलं, सगळं ठीक होतं. पेट्रोल होतं. पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारून मारून त्यांचा सदरा भिजला. मग ते कंटाळून कठड्यावर टेकले. मी घड्याळ पाहत होते. नऊ मिनिटांनी त्यांनी सहज पुन्हा हँडल मारलं आणि गाडी एका झटक्यात चालू झाली, जशी काही थांबलीच नव्हती. मालगुजाराच्या फाटकाशी पोहोचल्यावर बाबांनी डोमाजीच्या सांगण्याप्रमाणे खाचेपर्यंत पेट्रोल भरलं आणि आम्ही डोमाजीला घेऊन परत निघालो.

पुलिया दिसायच्या आधी, एका दगडाजवळ डोमाजी म्हणाला, "मिस्त्रीजी, उभी करा. मी पायी येतो." तो उतरला, चपला काढून हातात घेतल्या. आम्ही पुढे गेलो, पुलिया ओलांडली आणि पन्नास पावलांवर गाडी बंद पडली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या काचेतून पाहत होते. डोमाजी फार हळू चालत येत होता. रस्ता पूर्ण मोकळा होता, पण तो मधून चालला नाही, अगदी कडेनंही नाही. कठडा आणि तो यांच्यामध्ये एका माणसाला चालता येईल एवढी जागा सोडून तो येत होता, आणि पाय असे टाकत होता की जणू बाजूच्या माणसाला जड जातंय, त्याच्या पावलानं आपण चालावं. मी पावलं मोजली. पुलियावर एक्केचाळीस. गाडीजवळ आला, चपला घातल्या, पुढच्या जागेवर बसला. बाबांनी हँडल मारलं. चालू.

पुढे रस्त्यात डोमाजीनंच सांगितलं. बाईसाहेबांचं बाळंतपण अडलं होतं. भर दुपारी त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तो निघाला. इथंच गाडी थांबली. दहा मिनिटं तो हँडल मारत राहिला. मागे डाव्या बाजूला त्या, सोबत म्हातारी सुईण. गाडी चालू झाली तेव्हा सुईण म्हणाली, डोमा, आता हळूच ने, आता घाई राहिली नाही.

"मालक म्हणाले मी हयगय केली. म्या केली नाही, मिस्त्रीजी. पेट्रोल खाचेवर होतं, म्या गाळून भरलं होतं. मंग लोक बोलले, पुलियावर काही तरी आहे, त्यानं धरली गाडी. तवा मले थोडी झोप येऊ लागली."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या तत्त्वाप्रमाणे त्यांनी तिथेच काही तरी म्हणायला हवं होतं. ते समोर बघून गाडी चालवत राहिले.

पाच रविवार, दहा फेऱ्या, दहा थांबे. जाताना पुलियाच्या अलीकडे किंवा पलीकडे, येताना तसंच. कधी एक-दोन फर्लांग इकडे, कधी तिकडे. बाबांनी पंप बदलला, नळ्या फुंकल्या, स्पार्क प्लग घासले. थांबायची तिथे ती थांबतच राहिली. आणि येताना दर वेळी डोमाजी पायी चालत गाडीपाशी पोहोचला की चालू व्हायची. कारणाच्या रकान्यात मी दहा वेळा 'शोध चालू' लिहिलं. आई आता शेडीत एकटी जात नसे. दुपारी टिन तापून टिकटिक वाजायचं, कुठे तरी होला घुमायचा, आणि त्या आवाजात मला मधूनच मागच्या सीटच्या स्प्रिंगचा आवाज आल्यासारखा वाटायचा. ती डावीकडची स्प्रिंग जुनी होती. कोणी बसलं की एकदाच कुईं करायची. मी एका दुपारी शेडीच्या दारात उभी राहून वीस मिनिटं ऐकलं. काही आलं नाही. वहीत अर्थात हे नाही.

मार्ग बाबांना नाही, मला सुचला, आणि तो वहीतूनच. मी सगळ्या फेऱ्यांचे मीटर एकाखाली एक लिहिले आणि थांब्यापर्यंतचं अंतर काढलं. जाताना अकरा. येताना अकरा. कधी पावणेअकरा, कधी सव्वाअकरा. पुलिया दोन्ही घरांच्या नेमकी मध्ये होती. मी बाबांना म्हटलं, "गाडीला पुलिया माहीत नसेल. तिला अकरा मैल माहीत असतील."

बाबांनी वही दोनदा पाहिली. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. खाचेपर्यंत पेट्रोल भरलं आणि आम्ही उलट्या दिशेला, अमरावती रोडनं निघालो. मी मागे बसून मीटरवर डोळा ठेवला होता. नऊ. दहा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, रस्त्यानं बैलगाड्या, सायकलवाले. साडेदहा. खरं सांगायचं तर त्या वेळी ती थांबू नये असं मला वाटत होतं की थांबावी असं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अकरा मैल आणि वर थोडं, इंजिन दोनदा खाकरलं आणि बंद पडलं. बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. मी हसले नाही. माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती इथंही रिकामीच होती, एवढंच माझ्या मनात आलं.

घरी आल्यावर बाबांनी टाकी उतरवली. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी ती तीनदा धुतली होती, पण आत पत्र्याचा आडोसा असतो, त्याच्या मागे पाहिलं नव्हतं. ही चूक त्यांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिली आहे. वाकवलेल्या तारेनं चाचपता चाचपता काही तरी मऊ लागलं. ओल्या पानासारखा एक तुकडा बाहेर आला. चामड्याचा. काळा पडलेला, पण काठ शिवलेला, आणि एका कोपऱ्यात चार-पाच टाके अजून हिरवे होते.

पेट्रोल एका पातळीच्या खाली गेलं की तो तुकडा सुटून नळीच्या तोंडावर बसायचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची, थोड्या वेळानं तो आपसूक बाजूला व्हायचा, आणि पातळी आणखी उतरली की आडोशामागे पडून राहायचा. खाच तीच, म्हणून पातळी तीच, म्हणून अंतर तेच. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तिघं अंगणात उभे होतो आणि तुकडा आईनं भाकरीच्या टोपल्यावर झाकायच्या फडक्यात धरला होता.

"म्हणजे त्याच्याच हातून," आई म्हणाली.

"घाईत गाळताना आत पडला असंल," बाबा म्हणाले. "त्याले सांगावं लागंल."

"काहून?"

"खरं आहे म्हणून. पुलियाले भीत बसला तो बावीस वर्षं. हे असलं डोक्यातून काढासाठीच आपण बाहेर पडलो न त्याच्यातून?"

"तुमी पुलियावरून भूत काढान अन् त्याच्या मानगुटीवर बसवान," आई म्हणाली. "मालकानं हयगय म्हटलं, ते खरं झालं म्हणून सांगान त्याले? चांगलं आहे."

"ही हयगय नाही. कचरा जाऊ नये म्हणूनच तर..."

"हे त्याले समजावून पाहा."

बाबांनी मला विचारलं, तुझं काय म्हणणं. मी एकोणीस वर्षांची, मला नियम तेवढा माहीत होता. मी म्हणाले, पाहिलं ते सांगायचं. आईनं तुकडा बाबांच्या हातात दिला आणि आत जाऊन भाकर थापायला बसली. त्या रात्रीची भाकर जाड होती.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे आम्ही मौद्याला निघालो. गाडीनं पुलिया ओलांडली आणि थांबली नाही. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांच्या कोटाच्या खिशात होता. डोमाजी धुतलेलं धोतर, काळी टोपी घालून फाटकाशी उभा होता. त्यानं पहिलं विचारलं, "थांबली?"

"नाही."

"काहून?"

बाबांचा हात खिशाकडे गेला. "टाकी साफ केली," ते म्हणाले. हेही खरंच होतं. पुढचं वाक्य ते जुळवत होते, पण डोमाजीनं ऐकलंच नव्हतं. तो मागच्या डाव्या दाराकडे पाहत होता.

येताना त्याच दगडाशी तो उतरला. त्यानं चपला हातात घेतल्या. आम्ही पुलियाच्या पलीकडे गाडी उभी करून वाट पाहिली. इंजिन चालू होतं. सकाळचे साडेआठ, ऊन कोवळं, धुकं नुकतंच उठलेलं. मी पावलं मोजली. एक्केचाळीस. गाडीजवळ आला, पण पुढच्या जागेकडे गेला नाही. त्यानं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेचं, म्हणजे मागचं डावं दार उघडलं, ते धरून उभा राहिला, नजर खाली. साधारण जेवढा वेळ एखाद्या अवघडलेल्या बाईला चढायला लागेल तेवढा वेळ. मग दार अलगद लावलं. स्प्रिंग एकदा वाजली.

दार लागल्यानं गाडी हलते. हललेल्या गाडीची स्प्रिंग वाजू शकते. मी ते दार त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळदा लावून पाहिलं आहे. पण आपण पाहिलं ते लिहावं, तर मी हे लिहिते की मी उजवीकडे सरकून बसले आणि वही छातीशी धरली.

डोमाजी वळसा घालून बाबांच्या दाराशी आला. "सरका जी," म्हणाला. बाबा सरकले.

बावीस वर्षं ज्यानं चक्र धरलं नव्हतं त्यानं ती गाडी अशी आणली की मांडीवरच्या डब्यातलं वरण हललं नाही. बाबा पुढे बसून समोर पाहत होते, एक हात खिशावर. शहरात शिरल्यावर मैदानाकडे उजवीकडे वळायचं होतं. डोमाजी सरळ गेला. बाबा म्हणाले, "डोमाजी, इकडं." त्यानं गाडी सरळच ठेवली. सकाळची गर्दी, रिक्षावाले, दूधवाले मालगुजारणीला वाट देत होते. मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर त्यानं गाडी उभी केली. उतरला. मागचं डावं दार उघडलं. टोपी काढली आणि दार धरून उभा राहिला. फाटकातून नर्सेस जात होत्या, कोणी तरी केळी विकत होतं. एक चौकीदार पुढे आला आणि डोमाजीचा चेहरा पाहून मागे फिरला.

"पोचलो, बाईसाहेब," तो म्हणाला.

मग त्यानं दार लावलं. बाबांनी तोपर्यंत हात खिशात घातला होता. कागदाची कुरकुर मला ऐकू आली. डोमाजी येऊन बसला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "चाला मिस्त्रीजी, आता कुठं नेता ते सांगा." बाबांनी हात बाहेर काढला. रिकामा. "उजवीकडं घ्या," ते म्हणाले.

मैदानावर आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोहोचलो. नोंदणी बंद झाली होती. मालगुजारीण कुंपणाच्या बाहेर, एका चिंचेखाली दिवसभर उभी राहिली आणि लोक आतल्या गाड्या पाहून येता-जाता तिलाही पाहून गेले. डोमाजीनं प्रत्येकाला हँडल कसं मारायचं ते सांगितलं. आईनं पाठवलेला डबा आम्ही चौघांनी... मी लिहिताना चौघांनी लिहिलं. तिघांनी खाल्ला. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो डबा मागच्या डाव्या जागेवर ठेवला, आणि डोमाजीनं काही म्हटलं नाही.

रात्री वही लिहायला घेतली. तारीख लिहिली, मीटर लिहिले, पेट्रोल खाचेवर. थांबे: एक, दवाखाना, सात मिनिटं. कारण. बाबा शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून ती पुडी काढली, उलगडली नाही, माझ्या पेटीत ठेवायला दिली आणि म्हणाले, "राहू दे कोरा." कारणाचा रकाना कोरा ठेवायला त्यांनी मला आयुष्यात तेवढ्या एका वेळी सांगितलं.